नदीकाठी विद्यापीठ येतं तेव्हा आधी काय ठरायला हवं?

जुन्या नदीकाठच्या वस्तीत विद्यापीठ येणार अशी बातमी फुटली, की पहिला खड्डा खणला जाण्याच्या कितीतरी आधी एक गोष्ट बदललेली असते: जमिनीचा भाव. ज्या गोदामाकडे वर्षानुवर्षं कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं, त्याच्या मालकाला रोज फोन येऊ लागतात. शेजारच्या भाडेकरूला मात्र कुणी फोन करत नाही. त्याला भाडेकरार संपताना कळतं.

अशा योजनांची चित्रं आपण सगळ्यांनी पाहिलेली असतात. काचेची इमारत, दाट झाडं, सायकलवरची मुलं आणि मागे निळीशार नदी. (चित्रातली नदी कायम निळीच असते.) ही चित्रं खोटी असतात असं नाही, पण ती शेवटच्या टप्प्याची असतात. नियोजनातली खरी झुंज त्याच्या दहा-पंधरा वर्षं आधी संपलेली असते, आणि ती असते क्रमाची. जे पुढे बदलता येणार नाही ते आधी ठरवायचं आणि जे बदलता येईल ते मागे ठेवायचं, एवढंच त्यामागचं सूत्र. इमारत पाडून पुन्हा बांधता येते. जमिनीची उंची, रस्त्यांची जागा आणि जमिनीची मालकी यांत एकदा गडबड झाली की ती पुढच्या दोन पिढ्या निस्तरत बसतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. कंपाउंडची भिंत आणि गेटवर रखवालदार असलेलं विद्यापीठ वेगळं आणि विद्यापीठ परिसर वेगळा. परिसरात रस्ते शहराचे असतात. वर्ग, प्रयोगशाळा, वसतिगृहं, घरं, दुकानं, दवाखाना, शाळा हे सगळं एकमेकांत मिसळलेलं असतं आणि ज्याचा विद्यापीठाशी काडीचाही संबंध नाही असा माणूस तिथून रोज ये-जा करत असतो. नियोजनाच्या दृष्टीने हा दुसरा प्रकार कितीतरी अवघड, कारण इथे विद्यापीठाला मालक म्हणून वागून चालत नाही, शेजारी म्हणून वागावं लागतं.

मग नदीकाठच का? कारण साधं आहे. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात कारखाने, गिरण्या, गोदामं आणि रेल्वेचे यार्ड पाण्याच्या काठाने वाढले. माल बोटीने यायचा, सांडपाणी नदीत सोडता यायचं. पुढे मालवाहतूक कंटेनरमध्ये गेली, कारखाने शहराबाहेर गेले आणि शहराच्या अगदी पोटात मोठ्या, सलग जमिनी रिकाम्या पडल्या. विद्यापीठाला नेमकी अशीच जमीन हवी असते: मध्यवर्ती, मोठी आणि निदान सुरुवातीला स्वस्त. मात्र स्वस्त असण्यामागे कारणं असतात. एक म्हणजे पूर. दुसरं म्हणजे मातीत मुरलेलं तेल, डांबर आणि जड धातू. आणि तिसरं, ज्याचा उल्लेख सादरीकरणात सहसा नसतो: जमीन ‘रिकामी’ म्हटली तरी ती क्वचितच रिकामी असते. भाडं कमी म्हणून आलेली गॅरेजं, सुतारांच्या वखारी, कलाकारांचे स्टुडिओ आणि कामगारांची जुनी घरं तिथे किंवा अगदी शेजारी असतातच.

पहिला प्रश्न: जोतं किती उंच?

नदीकाठच्या नकाशावर पहिली रेघ पाण्याची असायला हवी. इथे एका शब्दप्रयोगाने बराच घोळ घातला आहे: ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’. ऐकणाऱ्याला वाटतं, मागच्या वर्षी येऊन गेला, आता आपल्या हयातीत नाही. खरा अर्थ असा, की तेवढा मोठा पूर कुठल्याही एका वर्षी येण्याची शक्यता १ टक्का आहे. दर वर्षी, नव्याने. हिशोब केला तर ३० वर्षांत असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के निघते आणि शंभर वर्षांत सुमारे ६३ टक्के. विद्यापीठं शेकडो वर्षं टिकायच्या इराद्याने बांधली जातात, तेव्हा त्यांनी हा आकडा घर घेणाऱ्या माणसापेक्षा जास्त गांभीर्याने घ्यायला हवा. त्यातून पावसाची तऱ्हा बदलत असल्यामुळे जुन्या नोंदींवरून काढलेली पूररेषा उद्याही तिथेच असेल याची खात्री नाही.

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाने याची किंमत मोजली. त्याच्या परिसरातून आयोवा नदी वाहते आणि कलाशाखेच्या इमारती खास काठावर, देखण्या जागी बांधलेल्या होत्या. वरच्या अंगाला १९५० च्या दशकात बांधलेलं धरण होतं, त्यामुळे नदी आवरलेली आहे असा समज होता. १९९३ मध्ये मोठा पूर आला. मग जून २००८ मध्ये त्याहून मोठा आला आणि वीसहून जास्त इमारतींत पाणी शिरलं. काठावरचं हँचर सभागृह पुन्हा वापरता आलं नाही. नवं सभागृह वरच्या अंगाला, उंच जागी बांधून २०१६ मध्ये उघडलं. कलासंग्रहालयाची गोष्ट आणखी बोलकी आहे. चित्रं पूर येण्याआधीच हलवली होती, अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉकचं प्रसिद्ध भित्तिचित्राएवढं कॅनव्हासही त्यात होतं. संग्रह वाचला, पण जुन्या जागी परत नेला तर त्याचा विमा उतरवायला कुणी तयार होईना. नवी इमारत उघडायला २०२२ उजाडलं. चौदा वर्षं! नदीकाठच्या इमारतीची खरी परीक्षा नगररचना खातं घेतं असं आपल्याला वाटतं. अंतिम निकाल बऱ्याचदा विमा कंपनी देते.

याच्या उलट टोकाला जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहराची हाफेनसिटी. एल्बे नदीच्या काठची जुनी बंदराची जमीन, सुमारे १५७ हेक्टर. हा भाग शहराच्या मुख्य पूरबांधाच्या बाहेर येतो. फेब्रुवारी १९६२ च्या एका रात्री समुद्राकडून आलेल्या लाटेने याच शहरात ३१५ माणसं मेली होती, त्यामुळे पाण्याबद्दल इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. संपूर्ण भागाभोवती नवा बांध घालायचा तर खर्च प्रचंड, शिवाय एकही इमारत उभी राहण्याआधी सगळा बांध पूर्ण करावा लागला असता. त्यांनी वेगळा मार्ग काढला: बांध नाही, प्रत्येक इमारत स्वतःच्या उंच जोत्यावर. रस्ते आणि इमारतींचे मुख्य मजले समुद्रसपाटीपासून सुमारे ८ मीटरवर आणि काठावरचे फिरायचे रस्ते मात्र खाली, ४ ते साडेपाच मीटरवर. म्हणजे वादळात खालचा पादचारी रस्ता बुडतो, बुडू दिला जातो, आणि वर शहर चालू राहतं.

थोडं जवळून पाहिलं तर यातली हुशारी कळते. उंच जोत्याच्या पोटातली जागा वाया जात नाही, तिथे गाड्या लावतात. पाण्याच्या बाजूला जिथे उघडी दारं-खिडक्या आहेत तिथे जाड धातूची दारं बसवलेली असतात आणि इशारा मिळाला की ती लावून घ्यायची. ही दारं वेळेवर लावायची जबाबदारी कुणाची, हे आधीच ठरलेलं असतं. शेजारच्या जुन्या गोदाम वस्तीत पाणी भरलं तर लोकांना आणि अग्निशमन दलाला बाहेर पडायला उंचावरून जाणारा पूल आहे, किबेलश्टेग नावाचा. एरवी तो साधा पादचारी पूल वाटतो. या पद्धतीचा दुसरा फायदा पैशाचा. बांध नसल्यामुळे भाग तुकड्या-तुकड्याने बांधता आला, आधी पश्चिमेकडून आणि मग पूर्वेकडे सरकत. उंचीचा एक निर्णय पक्का केला आणि त्याने पुढचे शंभर निर्णय मोकळे केले.

मातीबद्दल थोडक्यात. जुन्या कारखान्याच्या जागी खणल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही आणि काहीतरी निघतंच. माती उचलून न्यायची की वर स्वच्छ मातीचा आणि अभेद्य पडद्याचा थर टाकून ती बंद करायची, हा निर्णय खर्चाचा आहे. घरं, बालवाडी आणि बागा जिथे येणार तिथे निकष कडक लागतात, पार्किंगखाली थोडे सैल चालतात. म्हणून माती-तपासणीचा अहवाल आराखड्याच्या आधी हवा. तो नंतर आला की बाग पार्किंगच्या जागी सरकते, आणि पार्किंग नदीच्या बाजूला येतं.

रस्ते कुणाचे?

पॅरिसच्या तेराव्या विभागात, सेन नदीच्या डाव्या काठावर, ऑस्टरलिट्झ स्थानकामागे रेल्वेचे रुळ, धान्याची गोदामं आणि पिठाच्या गिरण्या होत्या. १९९१ पासून तिथे सुमारे १३० हेक्टरवर ‘पॅरिस रिव्ह गोश’ हा नवा भाग आकार घेतो आहे. रुळ हलवले नाहीत. त्यांच्या मोठ्या भागावर भक्कम छत घातलं आणि त्या छतावर एक रुंद रस्ता आणि इमारती आल्या. आधी राष्ट्रीय ग्रंथालय आलं, १९९० च्या दशकात. मग २००६-०७ च्या सुमारास पॅरिस-७ विद्यापीठ आलं, जे आधी पॅरिसमधल्याच जुसियू इथल्या, अस्बेस्टॉस या आरोग्याला घातक बांधकाम-साहित्याने ग्रासलेल्या संकुलात होतं.

या विद्यापीठाला एकच भलामोठा चौकोन न देता वस्तीत पसरवलं. बंद पडलेल्या मोठ्या पिठाच्या गिरणीत ग्रंथालय आणि कार्यालयं, शेजारच्या पिठाच्या लांबच लांब कोठारात व्याख्यानगृहं आणि बाकी विभाग आसपासच्या नव्या इमारतींत. एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाताना विद्यार्थ्याला शहराचा रस्ता ओलांडावा लागतो, दुकानासमोरून जावं लागतं. प्रशासनाला हे गैरसोयीचं वाटतं, देखभाल, सुरक्षा, पाइप सगळं विखुरतं. पण वस्तीला त्यामुळेच विद्यापीठ आपलं वाटण्याची काही शक्यता उरते.

इथला मासेना नावाचा भाग वास्तुरचनाकार क्रिस्तियाँ द पोर्झाँपार्क यांच्या ‘खुल्या इमारत-समूहा’च्या कल्पनेवर आखला गेला. इमारती रस्त्याच्या रेषेवर उभ्या राहतात, पण एकमेकींना चिकटत नाहीत; मधल्या फटींतून आतल्या अंगणात ऊन आणि नजर दोन्ही पोहोचतात. आणखी एक गोष्ट मला तितकीच महत्त्वाची वाटते: ‘ले फ्रिगो’ ही जुनी शीतगृहाची इमारत, ज्यात १९८० च्या दशकापासून कलाकारांचे स्टुडिओ होते, ती टिकली. आजूबाजूला सगळं नवं होत गेलं तरी भिंतभर चित्रं काढलेली ती इमारत तिथे आहे. ती आराखड्याच्या औदार्याने नाही, आत राहणाऱ्यांच्या चिवटपणाने वाचली.

नदी ओलांडण्याचाही विचार आधी लागतो. २००६ मध्ये ग्रंथालयासमोर सेनवर फक्त चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी पूल झाला आणि समोरचा बेर्सी भाग पायी पोहोचण्याच्या टप्प्यात आला. अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये तर वैद्यकीय विद्यापीठ डोंगरावर आणि नवी जागा विलामेट नदीच्या काठी, मध्ये महामार्ग. त्यांनी रोपवे बांधला. सुरुवातीचा अंदाज सुमारे दीड कोटी डॉलरचा होता, प्रत्यक्षात सुमारे ५.७ कोटी लागले आणि शहरात बरीच बोंबाबोंब झाली. पण त्यामुळे आणि पुढे २०१५ मध्ये झालेल्या, खासगी मोटारींना पूर्ण मज्जाव असलेल्या टिलिकम पुलामुळे काठावर मोटारींची रांग लागली नाही. हॅम्बुर्गने मेट्रोचा मार्ग २०१२ च्या अखेरीस हाफेनसिटीत नेला आणि तिथल्या विद्यापीठाची नवी इमारत २०१४ मध्ये वापरात आली. मेट्रो आधी, विद्यार्थी नंतर. उलटं झालं असतं तर दोन वर्षांत प्रत्येकाने आपली गाडीची सवय लावून घेतली असती, आणि सवय मोडायला पुलापेक्षा जास्त खर्च येतो.

तळमजला ही वेगळीच डोकेदुखी. प्रयोगशाळांना तळमजल्यावर बंद भिंती हव्या असतात: ट्रकची ये-जा, गॅसचे सिलिंडर, जनरेटर, हवा बाहेर टाकणारे पंखे. शंभर मीटर लांबीची अशी भिंत रस्त्याला लाभली की संध्याकाळी सहानंतर तिथून एकटं चालायला नको वाटतं. उपाय नियमातच घालावा लागतो. हाफेनसिटीत तळमजल्याची उंची साधारण ५ मीटर ठेवण्याची अट घातली गेली, म्हणजे आज तिथे दुकान चालत नसेल तरी उद्या चालवता येईल. कोलंबिया विद्यापीठाने न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनव्हिल भागात, हडसन नदीजवळ, १७ एकरांवर नवा परिसर उभारताना शहराचे रस्ते तसेच ठेवले, गेट लावलं नाही, तळमजले काचेचे आणि लोकांसाठी खुले ठेवले. दिसायला हा परिसर खरोखरच मोकळा आहे. पण मोकळ्या तळमजल्यामागची गोष्ट तितकी मोकळी नाही.

जमीन कशी घेतली, यावर पुढचं सगळं

नियोजनाचा सगळ्यात कठीण भाग इथे सुरू होतो, आणि खरं सांगायचं तर बहुतेक आराखडे हा भाग परिशिष्टात ढकलतात.

विद्यापीठासमोर पेच असतो. आधी जाहीर करावं तर भाव चढतात आणि सार्वजनिक किंवा देणगीचा पैसा जमीनमालकांच्या खिशात जातो. गुपचूप घ्यावं तर वस्तीचा विश्वास जातो. बोस्टनच्या ऑलस्टन भागात, चार्ल्स नदीपलीकडे, हार्वर्डने मध्यस्थामार्फत, स्वतःचं नाव न सांगता ५२ एकर जमीन घेतली होती. १९९७ मध्ये ते उघड झालं. व्यवहार बेकायदा नव्हता, पण त्यानंतर विद्यापीठाचा प्रत्येक शब्द लोक दोनदा तपासू लागले. पुढे २००९ च्या अखेरीस आर्थिक मंदीमुळे मोठ्या विज्ञान संकुलाचं काम पायापर्यंत येऊन थांबलं. जमीन विद्यापीठाची, आसपासची दुकानं आधीच उठलेली आणि मध्ये कुंपण घातलेला खड्डा. तिथे विज्ञान-अभियांत्रिकीचे वर्ग भरायला २०२१ उजाडलं.

मॅनहॅटनव्हिलमध्ये वाद झाला तो सक्तीच्या संपादनावरून. कोलंबियाचं म्हणणं होतं की ट्रक, पार्किंग आणि यंत्रणा एका सलग तळघरात नेल्या तरच वरचे रस्ते मोकळे राहतील, आणि त्यासाठी मध्ये एकही तुकडा दुसऱ्याचा नको. स्थानिक मंडळाने आपला स्वतःचा पर्यायी आराखडा केला होता, ज्यात लघुउद्योग आणि परवडणारी घरं राखायची होती. महापालिकेने २००७ च्या डिसेंबरात विद्यापीठाच्या बाजूने कौल दिला. काही मालक कोर्टात गेले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये संपादन वैध ठरवलं. मधल्या काळात, २००९ मध्ये, विद्यापीठ आणि स्थानिक संस्था यांच्यात सुमारे १५ कोटी डॉलरचा लाभ-करार झाला: घरं, शाळा, रोजगार वगैरे. अशा करारांबद्दल माझं मत मिश्र आहे. काहीच नसण्यापेक्षा ते बरे. पण करारावर सही करणारी संस्था ‘वस्ती’ची प्रतिनिधी आहे का, पैसा किती वर्षांत येणार, न आल्यास कोण कोर्टात जाऊ शकतं, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय आकड्याने भारावून जाऊ नये.

लंडनमध्ये उलट घडलं. पूर्व लंडनच्या स्ट्रॅटफर्डमध्ये, ली नदीच्या खोऱ्यात, युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनला कार्पेंटर्स इस्टेट या सार्वजनिक गृहवसाहतीच्या जागी परिसर बांधायचा होता. रहिवाशांनी कडाडून विरोध केला, विद्यार्थी आणि प्राध्यापकांतूनही आवाज उठला आणि २०१३ मध्ये बोलणी थांबली. विद्यापीठ मग जवळच्याच ऑलिम्पिक पार्कमध्ये गेलं. तिथल्या इमारती २०२२ आणि २०२३ मध्ये सुरू झाल्या. म्हणजे कुणाचं घर न पाडताही हाकेच्या अंतरावर जागा होती. ती आधी का दिसली नाही? कारण नकाशावर इमारतीचं वय दिसतं, आत किती लोक किती वर्षं राहतात ते दिसत नाही.

हॅम्बुर्गची बाजू भक्कम होती ती एका जुन्या योगायोगाने: बंदराची बहुतेक जमीन आधीपासून शहराचीच होती. १९९७ मध्ये ती एका वेगळ्या निधीत टाकली आणि विक्रीच्या पैशातून रस्ते, पूल, काठ बांधले. भूखंड विकतानाही आधी फक्त हक्क राखून द्यायचा. त्या मुदतीत खरेदीदाराने रचनास्पर्धा घ्यायची, परवानगी मिळवायची आणि मगच पैसे भरून जमीन नावावर करायची. दिरंगाई केली तर शहर भूखंड परत घेऊ शकतं. भाव चढेपर्यंत जमीन अडवून बसणाऱ्यांना ही पद्धत अजिबात आवडत नाही, आणि तिचं खरं यश तेच आहे. प्रत्येक शहराकडे अशी जमीन नसते हे मान्य. पण जी आहे ती विकायची घाई का असते, हा प्रश्न राहतोच.

भाडं, वसतिगृहं आणि शाळेबाहेरची रांग

विद्यार्थी श्रीमंत नसतात, तरी त्यांच्यामुळे भाडं वाढतं. हिशोब सोपा आहे. तीन खोल्यांच्या घराला एक कुटुंब महिन्याला १०० देऊ शकतं असं धरू. त्याच घरात चार विद्यार्थी प्रत्येकी ३५ देतात, म्हणजे १४०. मालक कुणाला निवडेल? काही वर्षांत गल्लीतली कुटुंबं निघून जातात, शाळेचा पट घसरतो, दवाखान्याच्या जागी झेरॉक्स आणि कॅफे येतात आणि सुट्टीत तीन महिने सगळी गल्ली ओस पडते. इंग्लंडमध्ये हे इतकं वाढलं की २०१० मध्ये एकमेकांशी नातं नसलेल्या तीन ते सहा माणसांनी मिळून राहायच्या घराला नियमात वेगळा वर्ग दिला गेला, आणि स्थानिक परिषदांना ठरावीक भागात अशा बदलासाठी परवानगी सक्तीची करता येते.

वसतिगृहं बांधणं हा उघड उपाय. पण कधी बांधायची? विद्यापीठं आधी प्रयोगशाळा बांधतात, कारण देणगीदाराचं नाव प्रयोगशाळेवर शोभतं. वसतिगृहावर नाव घालायला फारसं कुणी पुढे येत नाही. म्हणून अट अशी हवी: नवे इतके विद्यार्थी घ्यायचे तर त्याआधी इतके पलंग तयार. खासगी कंपनीने बांधलेलं महागडं विद्यार्थी-निवास या हिशोबात धरायचं का, हेही आधीच ठरवावं, कारण कागदावर पलंग मोजले जातात, परवडणं मोजलं जात नाही. आणि काही घरं अशी हवीत की जिथे सफाई कामगार, प्रयोगशाळा सहायक, तरुण शिक्षक राहू शकतील. विद्यापीठात काम करणारा पण विद्यापीठाजवळ राहू न शकणारा वर्ग कुठल्याही आराखड्याच्या चित्रात सापडत नाही.

कधीकधी चांगल्या कामानेही भाव चढतात. फिलाडेल्फियात स्कुलकिल नदीच्या पश्चिमेला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ आहे. १९६० च्या दशकात तिथली ‘ब्लॅक बॉटम’ ही कृष्णवर्णीय वस्ती विद्यापीठ-विज्ञान केंद्राच्या विस्तारासाठी पाडली गेली, हजारो लोक विस्थापित झाले. १९९० च्या दशकात अध्यक्षा ज्युडिथ रोडिन यांच्या काळात विद्यापीठाने वस्तीशी नातं सुधारायचं ठरवलं: दिवे, सफाई, दुकानं, घरखरेदीला मदत, स्थानिक पुरवठादारांकडून खरेदी. आणि २००१ मध्ये सार्वजनिक शाळा, जिला विद्यापीठ दर विद्यार्थ्यामागे जादा पैसे देतं. शाळा उत्तम चालली. इतकी, की तिच्या प्रवेशहद्दीतल्या घरांच्या किमती भरमसाट वाढल्या आणि २०१३ च्या जानेवारीत बालवर्गाच्या नावनोंदणीसाठी पालक थंडीत कित्येक दिवस आधीपासून शाळेबाहेर रांग लावून बसले. शेवटी सोडत काढायची पद्धत आणावी लागली. ज्या शेजाऱ्यांसाठी शाळा काढली, त्यांतल्या बऱ्याच जणांना तिच्या हद्दीत घर परवडेनासं झालं. शाळा काढायला नको होती का? हवीच होती. पण हद्दीतली काही घरं आधीच कायमच्या परवडणाऱ्या भाड्यात बांधून ठेवली असती, तर फायदा ज्यांना व्हायचा त्यांना झाला असता. पुन्हा क्रमच.

करांचंही असंच. अमेरिकेत विद्यापीठांच्या शैक्षणिक मालमत्तेला सहसा मालमत्ता कर नसतो. कर भरणारं गोदाम गेलं आणि कर न भरणारी प्रयोगशाळा आली की कचरा, अग्निशमन, रस्त्यांचा खर्च उरलेल्यांवर पडतो. बोस्टनने २०१२ च्या आर्थिक वर्षापासून मोठ्या संस्थांना विनंती सुरू केली, की जो कर लागला असता त्याच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम स्वेच्छेने द्या, आणि त्यातला अर्ध्यापर्यंत हिस्सा समाजोपयोगी कामांच्या रूपाने दिलेला धरला जाईल. स्वेच्छेने म्हटल्यावर काही देतात, काही थोडं देतात.

तुमच्या हातात असा एखादा आराखडा पडला तर चित्रं नंतर पाहा. टप्प्यांचा तक्ता आधी उघडा आणि पहिल्या टप्प्यात काय आहे, शेवटच्यात काय ढकललं आहे ते वाचा. शेवटच्या टप्प्यातल्या गोष्टी निम्म्या वेळा होत नाहीत असं धरूनच चालावं. परवडणारी घरं आणि नदीकाठची बाग तिथे असतील तर सुनावणीत तेवढ्या एका मुद्द्यावर हरकत नोंदवणंही पुरेसं आहे. मग नदीकाठच्या फिरायच्या रस्त्याची मालकी कुणाकडे आहे ते शोधा. तो शहराचा असेल तर प्रश्न नाही. विद्यापीठाचा किंवा कंपनीचा असेल आणि ‘जनतेसाठी खुला’ एवढंच लिहिलेलं असेल, तर किती वाजेपर्यंत खुला, कार्यक्रमासाठी वर्षातून किती दिवस बंद ठेवता येईल, मासे धरणाऱ्याला किंवा टोपली घेऊन बसणाऱ्याला कोण उठवू शकतं, आणि पुरानंतरचा गाळ कोण काढणार, हे लेखी मागून घ्या.